कीर्द

पहाटे चहाचे आधण ठेवण्यापूर्वी माजघरातील कोनाड्यापाशी जावे आणि तेथे झाकण मिटून पडलेल्या जुन्या लॅपटॉपचा दिवा तेवत आहे की रात्रीतून मालवला आहे हे पाहावे, ही सवय मला केव्हा जडली ते आता नेमके स्मरत नाही. परंतु देवघरातील समईपूर्वी माझी दृष्टी या दिव्याकडे वळते, हे घरच्यांनी फार पूर्वीच हेरले आहे. पडद्यास तडा गेला म्हणून मुलाने टाकून दिलेले हे यंत्र मी मोडीत जाऊ दिले नाही. १९९३ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी निगुतीने सांभाळलेली डेबियन नावाची लिनक्स प्रणाली मी त्यावर बसवली, आणि तेव्हापासून घरातील छायाचित्रे, शेताची कागदपत्रे, आईच्या आवाजातील ओव्या आणि वडिलांच्या किराणा दुकानाच्या वह्यांची एकेका पानाची छबी, असे आमचे सारे दफ्तर त्याच्याच हवाली आहे.

“गुरुजी, रातभर काहून चालू ठेवता हे डबडं?” असे शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी मला एकदा विचारले होते. त्यांना समाधानकारक उत्तर मी देऊ शकलो नाही. कारण खरे सांगायचे तर, ते दर रात्री रात्रभर चालू राहतेच असे नाही.

या छंदातील मंडळींमध्ये एक निरुपद्रवी अहंकार आढळतो. ‘अपटाइम’ अशी आज्ञा दिली असता यंत्र किती दिवस अखंड जागे आहे ते सांगते, आणि कोणाचा आकडा चारशेवर गेला, कोणाचा हजारावर, याची चर्चा ही मंडळी मोठ्या चवीने करतात. आमच्या जानेफळ गावी मात्र मृगाच्या पहिल्या वावटळीत वीज गेली की लॅपटॉपची थकलेली बॅटरी वीस मिनिटे कशीबशी तग धरते आणि मग तीही मान टाकते. वीज परतली तरी यंत्र आपण होऊन उठत नाही, त्याची कळ हाताने दाबावी लागते. माझा सर्वोच्च आकडा एकोणचाळीस दिवसांचा, आणि तोही हिवाळ्यातला. प्रारंभी या गोष्टीची मला लाज वाटे. पुढे लक्षात आले की, अखंडतेच्या या अभिमानाचा उगम जेथे वीज जातच नाही अशा ठिकाणी झाला असला पाहिजे, आणि या प्रणालीतील खरी शहाणीव मात्र खंड पडणारच हे गृहीत धरून चालणारांनी तिच्यात ओतली आहे.

उदाहरणार्थ, ‘क्रॉन’. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशा पाच अंगांनी कामाचा मुहूर्त ठरवणारे हे यंत्राचे पंचांगच होय. १९७९ च्या युनिक्स या प्रणालीमध्येही ते होते. पण त्याचा स्वभाव कर्मठ. पहाटे अडीचची प्रत काढण्याचा हुकूम असला आणि अडीचला वीज नसली, तर तो मुहूर्त हुकला तो हुकलाच. यास्तव कोणीतरी ‘अनाक्रॉन’ रचला, जो यंत्र उठल्यावर काय काय राहून गेले ते तपासतो आणि राहिलेले काम गुमान उरकतो. आमच्या गावाला मानवणारा हाच.

त्याहून माझे मन रमते ते कीर्दीत. अबुल फजलाच्या ‘आईने अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून ज्या मेहकराची नोंद आहे, त्याच मेहकर तालुक्यातील आमच्या गावी हा फारसी दफ्तरी शब्द दुकानदारांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला. व्यवहार घडला की प्रथम कीर्दीत टिपायचा आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती घालायचा, हा वडिलांचा शिरस्ता. लिनक्सच्या एक्स्ट या फाइल-व्यवस्थेत नेमकी हीच रीत २००१ मध्ये एक्स्ट३ बरोबर आली, आणि आज माझ्या यंत्रात असलेली एक्स्ट४ तीच पाळते: कोणती फाइल कोठे आहे या नोंदीतील प्रत्येक फेरबदल आधी कीर्दीत लिहायचा, साधारणतः दर ५ सेकंदांनी ती कीर्द पक्की करायची, आणि नंतरच मूळ जागी हात लावायचा. मध्येच वीज गेली तर जागे झालेले यंत्र सारी तबकडी धुंडाळत बसत नाही. ते कीर्द वाचते, पूर्ण नोंदी खतावते, अर्धवट राहिलेल्या सोडून देते. सकाळी कळ दाबल्यावर पडद्यावर त्या अर्थाची एक ओळ सरकून जाते, आणि मला दुकानाच्या फळ्या उघडून गल्ल्यावर बसलेले वडील आठवतात.

तबकडीच मेली तर मात्र कीर्द निरुपयोगी, म्हणून प्रती ठेवणे आले. एक प्रत यंत्रात, दुसरी कपाटातील वेगळ्या तबकडीवर आणि तिसरी अकोल्याला बहिणीकडे. ती मी भाऊबीजेला जाताना पिशवीतून नेतो, कारण आमच्या इंटरनेटवर विसंबलो तर पुढची भाऊबीज उजाडेल.

प्रत आहे एवढ्यावर मी पुष्कळ वर्षे निश्चिंत होतो. पेरणीपूर्वी घरचे सोयाबीन आम्ही कधीही तसेच रानात नेत नाही. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, रोज पाणी शिंपडतो आणि आठवड्याने कोंब मोजतो. सत्तरांहून कमी निघाले तर बियाणे वाढवावे लागते. एका ज्येष्ठात ओसरीवर असे कोंब मोजत असताना मनात आले की, कपाटातील तबकडीचा एकही दाणा आपण आजवर भिजवून पाहिला नाही. त्याच दुपारी तिच्यावरील सारे दफ्तर एका रिकाम्या जागी उतरवून घेतले आणि फाइली एकेक उघडत बसलो.

गोणपाटात ८३ कोंब निघाले होते. फाइलींपैकी दोन उघडल्या नाहीत, आणि मूळ यंत्रात पाहू गेलो तर तेथेही त्या तशाच बिघडलेल्या. दोन्ही वडिलांच्या वहीतील, दुष्काळाच्या १९७२ सालच्या. मूळ वही वाळवीने केव्हाच फस्त केलेली.

पेरणी आटोपताच अकोल्याची एसटी धरली. बहिणीने तबकडी धान्याच्या कोठीवर, जुन्या साडीत गुंडाळून ठेवली होती. पाने उघडली: गूळ, मीठ, रॉकेल, वडिलांचे तिरके अक्षर, आणि येण्याच्या बाजूस अर्ध्या गावाची नावे, ज्यांपुढे जमेची नोंद पुढे कधीच पडलेली नव्हती.