सोलापूर रस्त्यावरची स्कूटर

हडपसर मागे पडले की पुणे–सोलापूर रस्ता हळूहळू सपाट होत जातो. दिवेघाटाचे डोंगर उजव्या हाताला दूर सरकतात आणि लोणी काळभोरच्या पुढे आभाळ एकदम मोठे होते. उरुळी कांचन, यवत, पाटस, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ ही गावे ओलांडत सुमारे २५० किलोमीटरवर सोलापूर येते. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ ही या रस्त्याची जुनी ओळख. नव्या क्रमवारीत तो ६५ झाला. लोकांच्या तोंडी मात्र तो सोलापूर रोडच राहिला.

या रस्त्याचे खरे वाहन स्कूटर. ट्रकची संख्या मोठी असेल, एसटीचा मान मोठा असेल. पण रस्त्याकाठच्या माणसाचे रोजचे आयुष्य स्कूटरवरून गेले. ती स्कूटर बहुधा याच मुलखातली असे. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२ पासून ‘चेतक’ बाहेर पडू लागली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सने साताऱ्यात ‘प्रिया’ बनवली. दोघींचे कूळ एकच, इटलीतल्या पिआज्जिओची १९४६ ची ‘व्हेस्पा’. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा विमानांचा अभियंता. म्हणूनच स्कूटरचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरलेले असते. पंक्चर झाले की चाकाचे नट सोडायचे, मागची स्टेपनी चढवायची आणि निघायचे. गावागावांत लांब अंतर असलेल्या सपाटीवर ही सोय लाखमोलाची.

इंजिन उजव्या बाजूला असल्याने या जुन्या स्कूटरचा कल किंचित तिकडे असतो, आणि चालवणाऱ्याचे अंग नकळत डावीकडे झुकून तो सावरते. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही. मूठ पिळली की गिअर पडतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे, प्लगवर काजळी धरे, आणि थंडीच्या सकाळी गाडी एका अंगावर आडवी करून मगच किक मारली जाई. सपाट पायठाण हा तिचा सर्वांत मोठा गुण. तिथे खताचे पोते बसते, दुधाची किटली बसते, गॅसची टाकी बसते. हँडलला धरून लहान मूलही उभे राहते. पत्र्याची ही काया देशावरच्या कोरड्या हवेत दशकानुदशके टिकते. किनारपट्टीवर मात्र खारा वारा पत्रा लवकर खातो.

सपाटीवर घाट नाही म्हणून प्रवास सोपा, असे मात्र नाही. दहा इंची चाकाला प्रत्येक खड्डा खोल असतो. उघड्या माळावर आडवा वारा सुटला की हँडल घट्ट धरावे लागते, आणि समोरून ट्रक गेला की त्याच्या झोताने गाडी क्षणभर हलते. चाळीस-पंचेचाळीसचा वेग हाच सुखाचा. या वेगात वास कळतात: ओल्या उसाचा, गुऱ्हाळाचा, पौषात हुरड्याच्या आगटीचा. काठावरचे पिवळ्या माथ्याचे मैलाचे दगड वाचता येतात. वडाखाली थांबावेसे वाटले तर थांबता येते.

ज्येष्ठ-आषाढात तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करत याच रस्त्याने येते आणि पाटसहून रोटी घाटाकडे वळते. तेवढे दिवस स्कूटरही चालत्या माणसाच्या चालीने जाते. भिगवणच्या पुढे रस्त्याला पाण्याची सोबत मिळते. १९८० मध्ये पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचा हा फुगवटा. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवच्या बुडालेल्या मंदिराचे शिखर वर येते.

चौपदरीकरणाने हा रस्ता वेगवान झाला आणि काठच्या गावांना परका झाला. पलीकडच्या शेतात जायला आता दुभाजकातली फट शोधत दूर जावे लागते. ते अंतर वाचवायला माणसे उलट्या दिशेने गाडी घालतात आणि जीव गमावतात. याला केवळ बेशिस्त म्हणणे अन्यायाचे आहे. रस्ता आखतानाच त्या माणसाचा विचार राहून गेला. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, समृद्धी महामार्गावरही आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ती योग्यच. पण त्यामुळे स्कूटरसाठी जुना महामार्ग तेवढा उरतो, आणि त्याची जबाबदारी वाढते.

म्हणून जिथे जिथे असा रस्ता रुंद होईल, तिथे दोन्ही अंगांना सलग सेवा रस्ता हवा, गावाजवळ पलीकडे जायला भुयारी वाट हवी, आणि तोडलेल्या वड-चिंचेच्या जागी सावली देणारी झाडे हवीत. रस्ता आखणाऱ्यांनी एकदा, वैशाखातल्या दुपारी, यवतपासून इंदापूरपर्यंत स्कूटरवरून जाऊन पाहावे.