हवेची वाट

जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थास लोक एक तर रसिक समजतात, नाहीतर कृपण. आम्ही यांपैकी कोण, हा निर्णय वाचकांवरच सोपवितो. आमच्याकडे १९८६ सालची पद्मिनी आहे. ही जात निपजणे या शतकाच्या उंबरठ्यावरच थांबले, आणि तिच्या काळ्या-पिवळ्या भगिनीही २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. अशा वृद्धेस सांभाळणे म्हणजे तिचा रंग राखणे, अशी पुष्कळांची समजूत असते. तिचा जीव वस्तुतः दोन-चार हात रबरी नळीत असतो.

इंजिनालगतचा पंप टाकीतील पेट्रोल ओढून घेतो, असे आपण म्हणतो. पदार्थविज्ञानास हे मान्य नाही. पंप केवळ आपल्या पोटातील दाब कमी करतो. पेट्रोल पुढे ढकलते ती टाकीतील हवा. हवेस वजन आहे हे टॉरिचेलीने १६४४ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने दाखविले, त्यातलेच हे तत्त्व. टाकीतून पेट्रोल जाईल तसतशी हवा आत यावयास हवी. जुन्या गाड्यांत तिची वाट म्हणजे टोपणातील एखादे सूक्ष्म छिद्र किंवा टाकीवरून निघणारी बारीक नळी. ती बुजली की आतील दाब उतरत जातो, आणि टाकी अर्धी भरलेली असूनही गाडी उपाशी राहते.

गेल्या वैशाखात खंबाटकीचा घाट चढताना नेमके हेच घडले. बरोबर आमच्या सौभाग्यवती व ऐंशी वर्षांच्या सासूबाई. मागे मालमोटारींची रांग. गाडी दोन आचके देऊन थांबली. टोपण फिरविताच टाकीने हवेचा दीर्घ घोट घेतला, आणि थोड्या वेळाने इंजिन निमूटपणे सुरू झाले. तोच प्रकार वरच्या वळणावर पुन्हा झाला. घरी आल्यावर मिस्त्रींनी हवेची नळी काढून झटकली, तर मातीचा खडा पडला. “साहेब, कुंभारणीनं बिऱ्हाड केलंय इथं!” ते हसत म्हणाले.

मात्र त्यांनी शेजारची पेट्रोलची नळी चिमटीत धरून वाकविली, तेव्हा त्यांचे हसू मावळले. तिच्या अंगावर भेगांचे जाळे उमटले होते. टाकी आणि पंप यांमधील नळीस चीर गेली, तर गाडी चालू असता हवा आत शिरते व इंजिन अडखळते. पंपापुढची नळी चिरली, तर तापलेल्या इंजिनावर पेट्रोल उडते. पहिलीने खोळंबा होतो, दुसरीने आग लागते.

त्यात पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ सालापर्यंत त्यातील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. जुन्या रबरास ते मानवत नाही; रबर फुगते, मऊ पडते, आतून त्याची सालपटे सुटतात आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतात. कपट असे की, बाहेरून नळी धडधाकट दिसते. म्हणून नळी रूपावर नव्हे, वयावर बदलावी, हा मिस्त्रींचा दंडक आम्हांस पटला. इथेनॉल सोसणारी नळी घ्यावी, आवळपट्टी रबरात रुतेल इतकी कसू नये. काम इंजिन थंड असता, उघड्यावर, बॅटरीची तार सोडवून करावे. पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती जमिनीलगत साचून ठिणगीची वाट पाहते.

“बाबा, ही नळ्यांची मोळी आता विकून टाका,” असे चिरंजीव म्हणतात. नव्या गाड्यांत टाकीची वाफ कोळशाच्या डबीत धरून इंजिनातच जाळतात, हे त्यांचे म्हणणे खरे, आणि ती रीत अधिक शहाणपणाची, हेही खरे. सासूबाईंनी वाद घातला नाही. “नळ्या बदलल्या का?” एवढेच त्यांनी विचारले. आम्हांस चिरंजीवांच्या युक्तिवादाहून हा प्रश्न अधिक जड वाटला. गाडीवरचा लोभ आमचा. तिच्यात विश्वासाने बसणारी माणसे मात्र दुसरी.

नळ्या बदलल्या. त्याची तारीख हिशेबाच्या वहीत, विम्याच्या हप्त्याशेजारी लिहून ठेवली आहे. ती तारीख जुनी होऊ लागली, की गाडी थांबण्याची वाट न पाहता आपणच तिला थांबवावे, असे आम्ही ठरविले आहे.