घोट्याचा सांधा ‘जाम’ करायचा म्हणजे नेमके काय?

हिंगोली जिल्ह्यात रुग्ण तपासताना एक गोष्ट नेहमी जाणवते. ‘ऑपरेशन करावे लागेल’ या वाक्याला लोक आता फारसे घाबरत नाहीत. पण ‘घोट्याचा सांधा कायमचा जोडून टाकू’ असे म्हटले की समोरचा माणूस गप्प होतो. सांधा मोकळा व्हावा म्हणून आपण डॉक्टरकडे जातो आणि डॉक्टरच तो बंद करायला सांगतात, हे पटणार तरी कसे?

वसमतकडचे हळद लावणारे एक मामा असेच गप्प झाले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बारा वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून त्यांचा घोटा मोडला होता. हाड जुळले, पण सांध्याचा पृष्ठभाग किंचित वरखाली राहिला. पुढे सकाळची पहिली पावले जड जाऊ लागली, मग बांधावरून चालणे अवघड झाले आणि शेवटी रात्रीची झोपही गेली. शेक, पट्टा, गोळ्या, सांध्यातले इंजेक्शन, सगळे करून झाले होते. दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर पोटाला आणि किडनीला इजा होऊ शकते, म्हणून तोही मार्ग फार काळ चालणारा नव्हता.

घोट्यात नडगीची दोन हाडे आणि खालचे टॅलस नावाचे हाड एकत्र येतात. त्यांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या थराला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे झिजला की तो पूर्ववत भरून येत नाही. मग हाडावर हाड घासते. गुडघ्याची झीज बहुधा वयाने होते; घोट्याची मात्र बहुतेक वेळा जुन्या फ्रॅक्चरमुळे किंवा वारंवार पाय मुरगळल्यामुळे होते. म्हणून घोट्याच्या रुग्णांत ऐन कामाच्या वयातले लोक अधिक दिसतात.

उपाय तसा सरळ आहे. घासणारी हालचालच थांबवली तर वेदना थांबते. पूर्वी त्यासाठी मोठा छेद घ्यावा लागे. दुर्बिणीतून घोटा जोडण्याची पद्धत 1983च्या सुमारास सुरू झाली. यात घोट्यासमोर साधारण एक सेंटिमीटरचे दोन छेद घेतात. एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यारे आत जातात. उरलेली कूर्चा खरवडून हाडाचा रक्ताळ भाग उघडा करतात, पाऊल नडगीशी काटकोनात ठेवतात आणि बाजूच्या लहान छेदांतून दोन-तीन स्क्रू घट्ट बसवतात. मोडलेले हाड जुळते तशीच ही दोन हाडे जुळून एक होतात. छेद लहान असल्याने जखम लवकर भरते. दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक रुग्णांत हाड नीट जुळते. मात्र पाय फार वाकडा झालेला असेल, हाडाचा मोठा भाग गेला असेल किंवा सांध्यात जंतुसंसर्ग असेल, तर ही पद्धत सहसा योग्य ठरत नाही.

मामांनी विचारले, “साहेब, मी लंगडा होणार का?”

“नाही मामा. पुढच्या पावलातले सांधे थोडे वरखाली हलतात. सपाट रस्त्यावर बघणाऱ्याला फारसे कळणारही नाही.”

“अन् उकिडवं बसता येईल?”

तिथे मी खरे तेच सांगितले. दोन्ही टाचा टेकवून उकिडवे बसणे जमणार नाही. घरी कमोड लागेल. धावणे, नांगरटीच्या ढेकळांतून चालणे अवघड जाईल. कृत्रिम घोटा बसवण्याचा पर्याय आहे, त्यात हालचाल टिकते. पण ओझी उचलणाऱ्या, रोज शेतात राबणाऱ्या माणसात तो लवकर झिजण्याची किंवा सैल होण्याची भीती असते.

त्यांनी दोन महिने विचार केला. त्याच काळात बिडी सोडायला लावली, कारण तंबाखूमुळे हाड न जुळण्याचा धोका बराच वाढतो. मधुमेह असेल तर साखरही आधी आटोक्यात आणावी लागते. ऑपरेशननंतर सुमारे सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता, पुढे हळूहळू भार द्यायचा होता. हळदीची काढणी संपल्यावर तारीख धरली, ती यासाठीच. तीन महिन्यांनी एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसले.

आज ते रात्री झोपतात. तळ पुढे गोलाकार असलेले बूट घालून मोंढ्यात फिरतात. काढणीला मात्र बसता येत नाही, याची खंत ते मोकळेपणाने बोलून दाखवतात. ती खंत खरी आहे आणि ऑपरेशनने ती जात नाही. शिवाय पुढच्या काही वर्षांत शेजारच्या सांध्यांवर ताण येऊन तेही झिजू शकतात, म्हणून अधूनमधून तपासणी लागतेच.

तुमचा किंवा घरच्यांचा घोटा जुन्या मारानंतर वर्षानुवर्षे दुखत असेल, तर उभे राहून काढलेला एक्स-रे घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा. मला कमोड लागेल का, गाडीचा गिअर टाकता येईल का, पायी वारी जमेल का, हे आधीच विचारा. असे प्रश्न डॉक्टरला क्षुल्लक वाटतील म्हणून गिळू नका. कोणती हालचाल सोडायला तुम्ही तयार आहात, हे एक्स-रेत दिसत नाही. ते तुम्हीच सांगायचे असते.