वेळ आणि वेल

आमच्या शाळेत टीव्ही आला त्या दिवशी मुलांनी त्याला झेंडूचा हार घातला होता. त्रेचाळीस इंची टीव्ही, भिंतीला ठोकलेला. त्यासाठी पालकांनी वर्गणी काढली होती. कुणी पन्नास रुपये दिले, कुणी शंभर, एका कारखानदाराने उरलेला खड्डा भरून काढला. मालेगावात कारखाना म्हणजे यंत्रमागाचा कारखाना, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. ज्यांनी पन्नास रुपये दिले त्यातले बरेच त्याच कारखान्यांत रातपाळी करणारे होते. त्यामुळे त्या टीव्हीकडे बघताना मला थोडं दडपणच यायचं. यावर काहीतरी शिकवलं पाहिजे, नुसती गाणी लावून चालणार नाही.

माझं बी.एड. झालं तेव्हा आमच्या कॉलेजात एक ओव्हरहेड प्रोजेक्टर होता. पाठ बघायला बाहेरून परीक्षक आले की तो कपाटातून निघायचा, एकीच्या पाठाला वापरला जायचा आणि पुन्हा कापडात गुंडाळून आत जायचा. तंत्रज्ञानाशी माझी पहिली ओळख ही अशी, कुलपातली. म्हणून मी ठरवलं होतं की आपला टीव्ही रोज लागला पाहिजे. बिघडला तर बिघडला.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. दुसरीच्या मुलांसाठी मी मोबाईलवर उर्दूत एक छोटी गोष्ट टाइप केली, केबल जोडली, अक्षरं मोठी केली. पडद्यावर गोष्ट आली आणि वर्ग गप्प. पहिल्या बाकावरच्या मुलाने खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली आणि सूर लावून एकेक अक्षर वाचायला लागला. दुसरी एक मुलगी म्हणाली, "आपा, ये तो अरबी है."

हसू आलं, पण मुलांचं काही चुकलं नव्हतं. आमची मुलं सकाळी मक्तबला जातात. तिथे कायदा आणि कुरआन ज्या वळणात छापलेला असतो तो नस्ख. अक्षरं ओळीवर सरळ बसलेली. शाळेत उर्दूचं पुस्तक असतं नस्तालिकमध्ये. त्यात शब्द वरून तिरका उतरत खाली येतो, एकाच अक्षराची जागेप्रमाणे निरनिराळी रूपं होतात. मोठ्या माणसाला दोन्ही वाचता येतात. सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात मात्र सरळ ती अल्लाहची आणि तिरकी ती शाळेची, अशी वाटणी झालेली असते. माझ्या मोबाईलने उर्दू नस्खमध्ये दाखवली होती. मुलांनी तिला अरबी समजून अदबीने वाचलं.

नस्तालिकला यंत्रावर बसवणं मुळातच अवघड गेलं. उर्दू वर्तमानपत्रं कितीतरी वर्षं कातिब लोक हाताने लिहायचे आणि मग ती छापली जायची. 1981 मध्ये नूरी नस्तालिक आलं. त्यासाठी मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपं हाताने लिहिली, तेव्हा कुठे यंत्राला तो तिरका उतार जमला. पुढे इनपेजवर सगळी उर्दू टाइप होऊ लागली. पण जुन्या इनपेजमधला मजकूर उचलून मोबाईलवर टाकला की त्याची खिचडी व्हायची. माझ्याकडे दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्या खिचडीत अडकून पडल्या आहेत. मराठी शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या आपल्या जुन्या फॉन्टचं दुःख सांगतात. म्हणजे या बाबतीत आम्ही सख्ख्या बहिणी.

शेवटी पुतण्याने लॅपटॉपवर एक नस्तालिक फॉन्ट टाकून दिला. तीच गोष्ट पुन्हा लावली. टोपीवाल्या मुलाने टोपी खिशात घातली आणि म्हणाला, "अब उर्दू आई." हे सगळं लांबण लावून सांगितलं, कारण प्रशिक्षणांमध्ये आम्हाला बटणं कुठली दाबायची ते शिकवतात. पडद्यावर आलेलं अक्षर मुलाच्या ओळखीचं आहे का, हा प्रश्न तिथे निघालेला मी ऐकला नाही.

आता मराठीकडे येते. माझी खरी लढाई तिथे आहे.

मालेगावच्या मधून मोसम नदी वाहते. नदीच्या एका बाजूला आमचे मोहल्ले, मागांची खटखट, उर्दू शाळा. दुसऱ्या बाजूला बहुतेक मराठी बोलणारी वस्ती. बँक असो, तहसील असो, टेबलाच्या पलीकडचा माणूस मराठीत बोलतो आणि अर्जही मराठीत असतो. आमच्या मुलांना अर्ज वाचता येतो. देवनागरी ती झटकन शिकतात. पण तोंड उघडलं की समोरचा माणूस लगेच हिंदीवर येतो. तो मदत म्हणूनच येतो, पण मूल तिथेच थांबतं. मीही उर्दू माध्यमातच शिकले. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मी पुलापलीकडे फक्त मान हलवून कामं केली आहेत. त्यामुळे हे थांबणं काय असतं ते मला ठाऊक आहे.

आमच्या मुलांची पहिली ठेच म्हणजे ळ. उर्दूत ते अक्षर नाही, तो आवाजही नाही. मुलं "माझ्याकडे वेल नाही" म्हणतात, "आई बाळाला पाळते" याचं "आई बालाला पालते" होतं. फळ्यावर मी शंभर वेळा ळ काढला असेल. कानाला फरक ऐकूच येत नसेल तर खडू काय करणार?

मोबाईलच्या कळफलकावर माईकचं चिन्ह असतं. आपण बोलायचं, तो लिहितो. एकदा चौथीच्या वर्गात मी मोबाईल टीव्हीला जोडला, भाषा मराठी केली आणि एका मुलीला म्हटलं, बोल, "वेळ". ती बोलली. पडद्यावर आलं: वेल. वर्गात हलकल्लोळ. "आपा, मोबाईल को मराठी नहीं आती!" मी म्हटलं, येते, मी बोलून दाखवते. माझ्या "वेळ"वर बरोबर ळ उमटला. मग जी रांग लागली ती मधली सुट्टी होईपर्यंत हलली नाही. काळ म्हणायचं तर काल येतोय, पाळ म्हणायचं तर पाल. पाल आली की मुलं किंचाळायची. मी शंभर वेळा सांगून जो फरक त्यांच्या कानात शिरला नव्हता तो डोळ्यांना दिसला. आपा चूक म्हणते तेव्हा मुलं हिरमुसतात. यंत्र चूक म्हणालं की ती यंत्राशी भांडतात, आणि भांडता भांडता दहा वेळा बोलतात.

नुसतं भांडून ळ येत नाही, जीभ कुठे न्यायची ते सांगावंच लागतं. हे मला फार उशिरा सुचलं. उर्दूत ळ नाही, पण ड़ आहे, लड़का आणि पहाड़ मधला. जिभेचं टोक वर वळवून टाळूला लागतं ती जागा आमच्या मुलांच्या ओळखीची आहे. त्याच जागी जीभ न्या, आणि आपटून खाली आणण्याऐवजी ल म्हणतो तशी हवा दोन्ही बाजूंनी सोडा. ल तुमच्या घरचा, जागा ड़ची. एवढं सांगितल्यावर अर्ध्या वर्गाला त्याच दिवशी जमलं. मग मी त्यांना माळेगाव सांगितलं. आपलं ते मालेगाव, ल वालं. नांदेड जिल्ह्यात खंडोबाची यात्रा भरते ते माळेगाव, बारामतीजवळ साखर कारखाना आहे तेही माळेगाव. मुलांना हे इतकं आवडलं की कितीतरी दिवस ती एकमेकांना विचारत होती, "तू कौनसे गाव का? ल का या ळ का?"

यंत्राची एक लबाडी पण सांगते, कुणी वर्गात करून बघणार असेल तर उपयोगी पडेल. पूर्ण वाक्य बोललं की मोबाईल अंदाजाने लिहितो. "मला वेल नाही" असं बोललं तरी तो सरळ "मला वेळ नाही" लिहून मोकळा होतो, कारण लोक बहुधा तेच म्हणत असतात. तीन-चार दिवस मी खूश होते की मुलं वाक्यं बिनचूक बोलायला लागली. मग एका मुलाचं बोलणं कानाने नीट ऐकलं आणि लक्षात आलं की मुलगा चुकतोय आणि मोबाईल झाकतोय. तेव्हापासून सुटा शब्द मोबाईलसमोर, वाक्य माझ्यासमोर. उलटही होतं. लहान मुलांचा बारीक आवाज त्याला कळत नाही आणि बरोबर बोललेल्याला तो चूक ठरवतो. तेव्हा मी मुलाच्या बाजूने उभी राहते.

परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. ओळख ना पाळख, पण आपल्यातल्याच कुणाला तरी मिळालं असं वाटलं. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, ती पुस्तकं आज सगळ्यांच्या हातात आहेत. पण त्याच वर्षी आमच्या मोहल्ल्यात कोड स्कॅन करायला मोबाईल कुठे होता? घरात एक मोबाईल, तो अब्बूंच्या खिशात, आणि अब्बू कारखान्यात. संध्याकाळी घरी आला की आधी मोठ्या भावाच्या हातात, बहिणीची पाळी शेवटी. रात्री अकरा वाजता मला गृहपाठाचे आवाज यायचे आणि ते बहुतेक मुलींचे असायचे.

त्याच दिवसांतली एक गोष्ट आहे, सांगू की नको असा बराच विचार केला.

शाळा बंद असताना मी मुलांना मराठी उतारा वाचून, आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगायचे. तिसरीतला एक मुलगा रोज पाठवायचा. न चुकता. त्याचं घर कारखान्याला लागून, त्यामुळे मागे सतत मागांची खटखट आणि तिच्यावर चढवलेला त्याचा आवाज. 2022 च्या सुरुवातीला मुलं वर्गात परत आली तेव्हा मला त्याचं कौतुक करायचं होतं. मी त्याचं एक रेकॉर्डिंग वर्गात लावलं. टीव्हीच्या स्पीकरवर, मोठ्याने. आधी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. उतारा संपल्यावर तो बटण बंद करायला विसरला होता. त्याच्यापुढे त्याच्या अम्मीचा आवाज होता, पिठाच्या उधारीवरून कुणाशी तरी चाललेला, आणि मग रडणं.

वर्ग हसला. मुलं ती, हसणारच. मी धावत जाऊन बंद केलं तोवर व्हायचं ते झालं होतं.

तीन दिवस मुलगा आला नाही. चौथ्या दिवशी मी घरी गेले. त्याची अम्मी दारातच उभी राहिली. चहा विचारला, आवाजात राग नव्हता. फक्त म्हणाली, "आपा, बच्चे की आवाज़ दी थी आपको. घर की नहीं दी थी." मी माफी मागितली. तिच्याकडे मागितली आणि मग मुलाकडेही, त्याच्यासमोर खाली बसून. तो माझ्याकडे न बघता पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत होता. दुसऱ्या दिवशी आला, पण मराठीच्या तासाला कितीतरी आठवडे एक शब्द बोलला नाही.

तेव्हापासून माझ्या वर्गात एक रीत आहे. रेकॉर्डिंग मूल स्वतः ऐकतं, हेडफोन लावून. हवं तर मला ऐकवतं. मग माझ्यासमोर स्वतःच्या बोटाने पुसून टाकतं. वर्गाच्या ग्रुपवर मुलांचे व्हिडिओ टाकणं मी बंद केलं. वरून फोटो मागतात, उपक्रमाचा पुरावा म्हणून. तेव्हा मी फळ्याचा, वह्यांचा किंवा पाठमोऱ्या मुलांचा फोटो पाठवते. यावरून एकदा बोलणीही खाल्ली. काही आया आधीपासून दबक्या आवाजात सांगत होत्या की मुलीचा चेहरा ग्रुपवर नको. मी मनात त्यांना जुन्या वळणाच्या म्हणायचे. त्यांचं म्हणणं मला त्या दारात उभं राहिल्यावर कळलं.

परवा पालकसभेला त्या मुलाची अम्मी आली होती. मुलगा आता सातवीत आहे. सभा संपल्यावर बायका टीव्हीपाशी घोळका करून उभ्या होत्या, मुलं त्यांना माईकचा खेळ दाखवत होती. ती मागे होती. म्हणाली, रेशनच्या दुकानात "तांदूळ" म्हटलं की दुकानदार हसतो, काय चुकतं बघू. मोबाईल हातात घेतला आणि बोलली. पडद्यावर तांदुल आलं. पुन्हा बोलली, पुन्हा तांदुल. बायका हसल्या, तीही हसली.

मुलगा दारात दप्तर घेऊन उभा होता. तिथूनच ओरडला, "अम्मी, पहाड़ बोलो पहले. ज़बान उधर ही रखो."