कौसल्याबाईंची आजी

नागपूर

चि. छकुलीस,


तुझ्या वर्गात कौसल्या बैसंत्रींचं 'दोहरा अभिशाप' वाचायला लावलंय, हे कळल्यावर फार आनंद झाला. तू दोन प्रश्न विचारलेस. बाई नागपूरच्या, घरात मराठी, मग पुस्तक हिंदीत का? आणि स्वतःचं आयुष्य सांगायला बसलेल्या बाईनं आधी आजीचीच गोष्ट का सांगावी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

कौसल्याबाईंची आजी लहानपणीच विधवा झाली. पुढं तिचा पाट म्हणजे पुनर्विवाह लावून दिला. नवरा पैसेवाला होता, पण घरात पहिली बायको होती आणि आजीच्या वाट्याला मार होता. एका रात्री आजी मुलांना घेऊन त्या घरातून निघाली आणि पायी नागपूरची वाट धरली. शाळेचं तोंड न पाहिलेली, अस्पृश्य ठरवलेल्या जातीतली बाई, गाठीला काही नाही, पदरात पोरं! शहरात तिनं बांधकामावर ओझी वाहिली, पोरं वाढवली आणि ती परत गेली नाही. पुढं म्हातारपणीही ती कुणाच्या मिंध्यात राहिली नाही. मरणानंतर लागणाऱ्या कापडाची सोयसुद्धा तिनं स्वतःच करून ठेवली होती. बाबासाहेबांची चळवळ विदर्भात पोचण्याच्या कितीतरी आधी ही बाई स्वतःच्या बळावर उभी राहिली होती. म्हणून मला ती पुस्तकातली सगळ्यात मोठी व्यक्ती वाटते.

तिची लेक भागीरथी, म्हणजे कौसल्याबाईंची आई. तिचा संसार खलाशी लाईनच्या वस्तीत होता. आईवडील दोघंही एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. जमशेटजी टाटांनी ही मिल १ जानेवारी १८७७ला सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं, त्यावरून मिलचं नाव. मागच्या सुट्टीत तू ज्या एम्प्रेस मॉलमध्ये फिरलीस, तो त्याच जागेवर उभा आहे. उत्तर नागपूरच्या किती घरांत चूल पेटायची ती या मिलच्या पगारावर! भागीरथी मिलच्या सूतखात्यात राबायची आणि वर वस्तीत बांगड्या, कुंकू, शिकेकाई विकायची. तिनं ठरवलं होतं की मुलींना शिकवायचं. मुली शिकवून काय करणार, असं वस्ती म्हणायची. तिनं ऐकून घेतलं आणि मुली शाळेत जात राहिल्या.

शाळेच्या फीचा एक प्रसंग पुस्तकात आहे. तू वाचला असशील, पण पुन्हा वाच. फी भरायला पैसे नाहीत म्हणून वडील मुख्याध्यापिकेकडे सवलत मागायला गेले. पाया पडायचं, पण शिवायचं नाही, म्हणून दुरूनच त्यांनी जमिनीवर डोकं टेकलं. मुलगी हे सगळं पाहत होती. म्हातारपणी लिहायला बसल्यावरही ती हे विसरलेली नव्हती.

या मुली शिकल्या त्यामागं नागपुरातल्या आणखी एका बाईची मेहनत आहे. जाईबाई चौधरी मूळच्या उमरेडच्या. नागपूर आणि कामठीच्या दरम्यान डोक्यावर हमालीचं ओझं वाहणारी ही बाई एका मिशनरी बाईंच्या मदतीनं शिकली, शिक्षिका झाली. अस्पृश्य बाई आपल्या पोरांना शिकवते हे सवर्ण पालकांना चाललं नाही आणि नोकरी गेली. मग १९२२ साली जाईबाईंनी स्वतःच मुलींसाठी चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. ओझं वाहणारी आजी आणि ओझं वाहणाऱ्या जाईबाई, एकाच शहरातल्या. आपल्या घराण्यांचा इतिहास या रस्त्यांवर घडलाय.

कौसल्याबाईंचा जन्म १९२६चा. २० जुलै १९४२ला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, हजारो बाया आल्या होत्या. एखाद्या समाजाची प्रगती आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असं बाबासाहेबांनी तिथं सांगितलं. बायकांच्या त्या चळवळीत पंधरा-सोळा वर्षांची ही विद्यार्थिनी वावरत होती. पुढं लग्न झालं, दिल्लीला गेल्या. नवरा शिकलेला, चळवळीतला, तरी घरात बायकोला मान नाही. अनेक वर्षं सोसून त्या वेगळ्या झाल्या आणि हक्कासाठी कोर्टात गेल्या. रात्री पोरांना घेऊन निघालेल्या आजीचीच ही नात! म्हणून पुस्तकात आजी आधी येते.

आता हिंदीचं. मराठीत दलित स्त्रियांनी तोवर आपली आयुष्यं लिहायला सुरुवात केली होती. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तक म्हणून आलं. हिंदीत असं काही नव्हतं, ही उणीव भरून काढायची म्हणून बाईंनी मातृभाषा बाजूला ठेवली आणि १९९९ साली हिंदीत हे पुस्तक दिलं.

एक काम सांगते. तुझी आजी अजून खणखणीत बोलते. येत्या रविवारी फोन करशील तेव्हा तब्येतीच्या चौकशीनंतर तिला विचार की तिची आई कोणत्या गावाहून नागपुरात आली, पहिलं काम कुठं मिळालं, आपल्या घरातली पहिली मुलगी शाळेत कुणी घातली. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत रेकॉर्ड कर आणि मला पाठव. मी इकडं उतरवून काढते.

तुझी,
आत्या