आबनूसची चकती

बर्फ पाण्यावर का तरंगतो? १६११ साली फ्लॉरेन्समधील ॲरिस्टॉटलचे अनुयायी म्हणत, तो पाण्याहून जडच. केवळ पसरट आकारामुळे बुडत नाही. गॅलिलिओचे मत निराळे : तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याहून बर्फाचे वजन कमी, म्हणून तो तरंगतो. त्यावर लुडोविको देल्ले कोलोम्बे याने पेच टाकला. आबनूस लाकडाचा गोळा बुडतो, पण त्याच लाकडाची पातळ चकती मात्र तरंगते. घनता एक, निकाल दोन! (पेच खरोखर अवघड होता.) चकती आधी पुरती भिजवली तर तीही बुडते, हे गॅलिलिओचे उत्तर. कोरडी चकती पाण्याच्या पृष्ठभागात खळगा करून बसते, हेही त्याने १६१२च्या ग्रंथात नोंदवले. ग्रंथ लॅटिनमध्ये नव्हे, लोकांच्या इटालियनमध्ये. श्रेय मात्र त्याने चकतीला बिलगलेल्या हवेला दिले. पृष्ठताणाचा सिद्धांत यायला अजून बराच अवकाश होता.