नजरेची उंची

भिलाईच्या स्मृतीनगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आता संध्याकाळी मुली कथकचा तत्कार करतात. खुंटीवर माझा पहिला घुंगरांचा जोड आहे, एका पायाला पन्नास. तो बाबांनी ओवला. इथल्या पोलाद कारखान्यात राबून त्यांच्या बोटांची कातडी जाड झाली होती. तरी सुती दोरीत एकेक घुंगरू घेऊन, गाठ मारून, ते कानाशी हलवून बघायचे. बद्द वाजलं की गाठ सोडून दुसरं. दोन रात्री हे चाललं होतं. पण "छान नाचलीस" असं ते कधी म्हणाले नाहीत. वार्षिक कार्यक्रमात माझ्या चेहऱ्याकडेही त्यांनी पाहिलं नाही, हे मला फार लागलं होतं.

माझ्या कथकच्या गुरू, दीदी, खैरागढला शिकलेल्या. तिथल्या राजवाड्यात 1956 साली संगीत विद्यापीठ सुरू झालं, त्याचे सुरुवातीच्या काळातले कुलगुरू श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, हे मी मराठी म्हणून त्या मला आवर्जून सांगायच्या. रायगढच्या राजा चक्रधर सिंहांनी जयपूर आणि लखनौचे गुरू आणून जे कथक घडवलं, त्याचा त्यांना केवढा अभिमान!

माखनचोरीच्या गतभावात मी यशोदा झाले आणि नुसतीच डोळे वटारत राहिले. दीदींनी थांबवलं. "मूल तुझ्या कमरेएवढं आहे. नजर तिथं आण. राग डोळ्यांत राहू दे, पण हातांनी त्याचं तोंड पूस."

पुढे ठुमरी आली. "कृष्णाला हाक तीच आहे, नजर वर घे. तो तुझ्या बरोबरीचा आहे." मी उसासे टाकले, छातीवर हात ठेवला. दीदी म्हणाल्या, "दारात वाट बघणारी बाई कधी पाहिली नाहीस?"

रोज पाहत होते. बाबांची दुसरी पाळी रात्री दहाला सुटायची. सायकल गल्लीत वळायच्या आधीच आई हलकेच कडी काढायची, ओला तळवा केसांवरून फिरवायची आणि ते पाय धुऊन आले की मगच तव्यावर भाकरी टाकायची. विरहोत्कंठितेची व्याख्या मला तोंडपाठ होती. ती नायिका आमच्याच क्वार्टरमध्ये राहते, हे मात्र दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फक्त कडी काढली आणि केसांवरून तळवा फिरवला. दीदींनी पुढची ओळ धरली.

भरतमुनींच्या आठ रसांत वात्सल्य वेगळं नाही. चौदाव्या शतकात साहित्यदर्पणकार विश्वनाथांनी त्याला रस मानलं. परीक्षेसाठी हे पाठ करत असताना एका रात्री मला तो कार्यक्रम आठवला. कारखान्यातून थेट आलेले बाबा सभागृहात मागे उभे होते आणि त्यांची नजर सारा वेळ माझ्या पायांवर होती. गाठी टिकतायत ना, ते बघत होते.

आज बाबा नाहीत, दीदीही नाहीत. बाजारात ओवलेले घुंगरू मिळत असताना दीदींनी बाबांच्या हाती दोरी का दिली, ते मला फार उशिरा उमगलं.

परवा एका नव्या मुलीचे वडील विचारत होते, "घुंगरू कुठून आणू?" मी त्यांना बसवलं, दोरी हातात दिली आणि पहिली गाठ मारून दाखवली.